लाल बटण

"मीच बंद केलं," आई म्हणाली. "आज खंडेनवमी न्हवं? मिक्सर बंद हाय, शिलाई मशीन बंद हाय, आप्पांची शेड बंद हाय. त्यालाबी एक दिवस विसावा नको?"

मी खोलीच्या दारात उभा होतो. हातात फुटलेल्या नारळाची अर्धी वाटी होती. नुकताच अंगणात गाडीची पूजा करून, तिला झेंडूचा हार घालून वर आलो होतो. जाताना टेबलावरचा कॉम्प्युटर चालू ठेवून गेलो होतो आणि पडद्यावर ठळक अक्षरांत सूचना होती की काम पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नका. सूचना इंग्रजीत होती, त्यामुळे ती आईसाठी नव्हती असं म्हणायला हरकत नाही.

टेबलाच्या कडेचं लाल बटण आत दाबलेलं होतं. मी ते फिरवून बाहेर काढलं आणि मशीन चालू केलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच राहिला. पुन्हा बंद करून चालू केलं. तेच. तिसऱ्या वेळीही तेच झालं आणि नारळाची वाटी कधी खाली पडली ते कळलं नाही.

"काय झालं रे?" आईनं विचारलं.

"मेलं, आई. बोर्ड मेला."

"मरतंय कशानं? नुसतं बंद तर केलंय. परत चालू कर की."

तिला कसं समजावणार? मदरबोर्डवर एक बारकी चिप असते. मशीननं जागं कसं व्हायचं, एवढंच त्या चिपमध्ये लिहिलेलं असतं. मी त्यातलं जुनं पुसून नवं लिहायला लावलं होतं. पुसून झालं होतं आणि लिहायचं अर्ध्यावर राहिलं होतं. आता त्या मशीनला जागं कसं व्हायचं हेच आठवत नव्हतं. मी खुर्चीत बसलो आणि बसूनच राहिलो. रडू येईल असं वाटलं होतं, तेही येईना.

दुसऱ्या दिवशी दसरा होता आणि दसऱ्याला दुपारी आमची ऑनलाईन गेमची फायनल होती. आम्ही पाच जण, पाच गावांतले, एकमेकांना फक्त आवाजानं ओळखणारे. त्या फायनलवर पुण्याच्या एका कंपनीचं लक्ष होतं. त्यांना पगारावर खेळणारी पोरं हवी होती. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आणि माझा करार त्यावरच झाला होता. डिप्लोमा झाल्यावर त्यांनी मला सरळ विचारलं होतं, "इंद्रजित, शेडला कवापासनं येणार?" उद्यमनगरात आमची लोखंडी भाग कातायच्या लेथची शेड आहे, टिपुगडे इंजिनिअरिंग नावाची. मी म्हणालो, दसऱ्यापर्यंत थांबा. फायनल जिंकलो तर पुण्याला जातो. हरलो तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून लेथवर उभा राहतो, परत तोंड उघडत नाही. आप्पा म्हणाले, "चालंल." ते तेवढंच बोलतात.

ते मशीन मी वर्षभर मनात जुळवत होतो. कुठला प्रोसेसर, त्याला कुठला बोर्ड चालतो, त्या बोर्डाला कुठली रॅम मानवते, यावर मी जितका विचार केला तितका डिप्लोमाच्या कुठल्याच विषयावर केला नव्हता. लोकांच्या घरी स्थळं बघतात तशी मी ग्राफिक्स कार्डं बघत होतो. शेवटी कार्ड जुनं मिळालं, सांगलीच्या एका लग्न ठरलेल्या मुलाकडून. बाकीचं पार्सलनं आलं. मशीन जोडताना आप्पा शेजारी येऊन उकिडवे बसले. कॅबिनेटचा पत्रा अंगठ्यानं दाबून बघितला आणि "पातळ हाय" म्हणाले. मग पॉवर सप्लाय हातात घेऊन उलटा केला आणि त्यावरची पाटी वाचायला लागले. ही त्यांची सवय. कुठल्याही मशीनची आधी पाटी वाचायची आणि पाटीवर लिहिलंय त्याच्या वर एक आकडासुद्धा जायचं नाही. उद्यमनगरात लोक त्यांना यावरून चिडवायचे. टिपुगड्यांच्या शेडमध्ये लेथपण मर्यादेत राहतंय, म्हणायचे.

मशीन जोडून झालं त्या दिवशी जेवताना मी हुरळून गेलो होतो. आता याला ओव्हरक्लॉक करणार, असं म्हणालो.

"म्हंजे?" आप्पांनी विचारलं.

"म्हणजे कंपनीनं पाटीवर जेवढा वेग लिहिलाय त्याच्या वर पळवायचं. सगळेच करतात. त्याशिवाय फायनलला टिकाव लागायचा नाही."

आप्पांनी हातातला घास परत ताटात ठेवला. भाकरी अर्धी होती, आमटी तशीच होती. ते उठले, हात धुतले आणि बाहेर गेले. आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तसलं काय नको करूस." का, ते सांगितलं नाही. मला वाटलं, झालं, पाटीचा अपमान झाला. मी मनातल्या मनात हसलोसुद्धा.

पुढच्या रविवारी आप्पा शेडमधून एक लाल बटण घेऊन आले. मोठ्या मशीनला असतं ते, तळहाताएवढं, भूछत्रासारखं. एकदा दाबलं की आत बसतं आणि सगळी वीज तुटते. फिरवल्याशिवाय बाहेर येत नाही. त्यांनी ते माझ्या टेबलाच्या कडेला स्क्रूनं घट्ट बसवलं. लाईट जाईल म्हणून मी यूपीएस घेतला होता, त्याच्या आणि मशीनच्या मधे त्यांनी हे बटण जोडलं.

"कॉम्प्युटरला कोण इमर्जन्सी बटण लावतं, आप्पा?"

"मशीन हाय न्हवं? मग बंद करायचं बटण हाताशी पायजे. उठून जायला लागता कामा नये."

मी त्याचा फोटो संघातल्या पोरांना पाठवला. आठवडाभर त्यांना हसायला विषय पुरला.

मशीन पळवलं ते मी आप्पांच्या नकळत. ते पळायचं झकास, पण मधेच गोठायचं, नेमकं समोर शत्रू आल्यावर. बोर्डाच्या कंपनीनं त्यावर नवा प्रोग्रॅम काढला होता. तोच मी त्या सकाळी भरायला लावला होता. आणि आईनं मशीनला विसावा दिला होता.

दुसऱ्याचं मशीन मागावं, तर कोल्हापुरात ही गेम पेलणारं मशीन ज्यांच्याकडे होतं ते स्वतःच खेळायला बसणार होते. तो बोर्ड गावात कुठल्याही दुकानात नव्हता. मी फोन करकरून थकलो. शेवटी राग कुणावर काढायचा हेच उरलं होतं, आणि तो आईवर निघाला. म्हणालो, चिप पुसली गेली, आता ती लिहिणार कोण, तुला काय कळतं, माझं आयुष्य बुडवलंस. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिली. एरवी ती मला एका वाक्यात गप्प करते. त्या दिवशी तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि याचं मला नवल वाटायला हवं होतं.

आप्पा जिन्यात उभे होते. केव्हापासून ते माहीत नाही. कपाळावर शेडच्या पूजेचं कुंकू होतं.

"ती चिप," ते म्हणाले, "परत लिहिता येती का?"

"येते. पण त्याला वेगळं यंत्र लागतं. आज कुणाकडे मिळणार?"

"रावसाबाकडं हाय. सीएनसी मशीनची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतोय तो. घे मशीन."

मशीन कुशीत घेऊन मी त्यांच्या मागे गाडीवर बसलो. सगळं उद्यमनगर बंद होतं. एरवी तिथं बोललेलं ऐकू येत नाही. त्या दिवशी शटरवर लावलेल्या आंब्याच्या डहाळ्यांची सळसळ ऐकू येत होती.

रावसाहेब कुरणे आप्पांचे जुने दोस्त. घराच्या मागच्या खोलीतच त्यांचं काम चालतं. पाटावर लाल कापड पसरून त्यांनी सगळी हत्यारं मांडली होती. सोल्डरिंग गन, मीटर, पकडी आणि चिप लिहायची ती काळी डबी. प्रत्येकावर हळदकुंकू आणि एकेक झेंडूचं फूल. मी काय झालं ते सांगितलं. आईनं बंद केलं, हेही सांगितलं. काकांनी बोर्ड उलटसुलट करून बघितला.

"हुतंय की," ते म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम. परवा सकाळी ये."

"काका, उद्या फायनल आहे."

"आज हत्यार उचलत न्हाई मी."

"उचल, रावसाब," आप्पा म्हणाले.

कुरणेकाकांनी मान वर केली. आप्पांकडे बघताना त्यांचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, यांना कुणी शिवी दिली.

"तू सांगतोयस? वसंता, तू? आजच्या दिवशी?"

आप्पांनी नजर पाटावरच्या हत्यारांकडे वळवली.

"दिगूनं पुली बदलून ग्राइंडर पळवला तो दिवस कुठला हुता? ह्योच न्हवं? मी पलीकडच्या शेडमध्ये हुतो. चादर मी आणली हुती, वसंता. तवापासनं मी आज पकडीलासुदिक हात लावत न्हाई, आणि तू सांगतोयस उचल म्हणून?"

दिगू म्हणजे दिगंबर, आप्पांचा धाकटा भाऊ. माझ्या जन्माआधी गेलेला. आमच्या घरात त्याचा एकच फोटो आहे, येझदीवर ऐटीत बसलेला. काका अपघातात गेला, एवढंच मला माहीत होतं. फोटोत गाडी होती म्हणून अपघात गाडीचाच असणार, असं मी लहानपणी धरून चाललो होतो आणि कुणी ते कधी खोडून काढलं नव्हतं.

"काका तर गाडीवरून पडून…" मी म्हणालो.

कुरणेकाका आप्पांकडे बघायला लागले. "पोराला सांगितलं न्हाईस?"

आप्पा पाटावरच्या हत्यारांकडे बघत होते, आणि तिकडेच बघत ते बोलायला लागले. मी त्यांना इतकं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

"गिऱ्हाईक दारात बसलं हुतं. माल न्यायचाच म्हणून. दिगू म्हणाला, जेवायच्या आत संपवतो. ग्राइंडरची पुली काढली, बारकी घातली. चाकाला आकडा असतो, किती पळवायचं त्याचा. त्याच्या लई वर गेला त्यो. हसत हुता. मला म्हणाला, बघ दादा, कसं पळतंय." ते थांबले. "आवाज चढत गेला. मी बंद कर म्हणून वरडलो. त्याला ऐकू गेलं न्हाई. मेन स्विच पार पलीकडच्या भिंतीला, पोत्याच्या मागं. मी पळालो. पोती ढकलली. बंद केला मी स्विच. केला. पण तवर चाक फुटलं हुतं."

कुरणेकाकांनी डोळे मिटले होते.

"सकाळी शेडची पूजा करून घरी आलो," आप्पा म्हणाले. आता ते माझ्याकडे बघत होते. "तुझ्या खोलीतनं तसाच आवाज चढत चालला हुता. आत बघितलं तर कोण न्हाई. मशीन एकटंच वरडतंय. मी बटण दाबलं. आईनं न्हाई, मी."

प्रोग्रॅम भरताना पंख्यांवर मशीनचा ताबा राहत नाही, सगळे एकदम पूर्ण वेगात सुटतात. मला ते माहीत होतं, म्हणून मी निर्धास्त खाली नारळ फोडत होतो. वर आप्पा त्या आवाजात उभे होते. आणि आईनं पूजेचं निमित्त सांगितलं तेव्हा माझ्या कॅबिनेटवर कुंकवाचं बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं. ते मी डोळ्यांनी बघितलं होतं आणि तरी मला दिसलं नव्हतं. तिनं माझ्या शिव्या खाल्ल्या, कारण खरं सांगायचं तर दिगूकाकाचं नाव घ्यावं लागलं असतं.

मला काहीतरी म्हणायचं होतं. राहू दे आप्पा, नको मला फायनल, असंच काहीतरी.

पण तेवढ्यात आप्पा पुढे झाले. पाटासमोर वाकून त्यांनी हात जोडले. मग त्या काळ्या डबीवरचं फूल उचलून बाजूला ठेवलं, सदऱ्याच्या टोकानं कुंकू पुसलं आणि डबी कुरणेकाकांच्या पुढे धरली.

"हे घे. काय व्हायचं असंल ते माझं हुईल. पोराचं आज माझ्या हातनं बंद पडलंय, रावसाब. ह्या बारीला तरी ते परत चालू हुतंय. तेवढं कर."

कुरणेकाकांनी डबी घेतली. मग उठले आणि दिवा लावला. चिपला चिमटा लावायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. काम होईपर्यंत आप्पा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. मग काकांच्या पडद्याला मशीन जोडलं आणि तो उजळला. काकांनी डबी पुसून परत पाटावर ठेवली आणि ते फूल परत तिच्यावर ठेवलं.

घरी आलो तेव्हा आई दारातच होती. तिनं आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. मी तिच्या पाया पडलो. "आता कशाला, उद्या सोनं वाटताना पड," ती म्हणाली आणि आत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आली. कॅबिनेटला तिनं पाच बोटं लावली.

त्या रात्री मी मशीन पाटीवरच्या वेगावर परत आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला बसलो तर ते रेंगाळायला लागलं. संघातली पोरं कानात ओरडत होती, अरे इंद्र्या, वेग वाढव. मी हो हो म्हणत होतो आणि वाढवत नव्हतो. माझा हात तिकडे जाईना.

दुपारी फायनलला बसायच्या आधी आप्पा खोलीत आले. स्वयंपाकघरातलं स्टूल त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी लाल बटणाशेजारी मांडलं.

"सावकाश चालतंय व्हय?"

"चालेल, आप्पा."

"खोटं बोलू नको. किती पळवायचं हाय?"

मी सांगितलं.

"पळव," ते म्हणाले. स्टुलावर बसले आणि उजवा तळहात बटणावर ठेवला. "मी हाय हितं."

मी वेग वाढवला. फायनल सुरू झाली. खेळ तापला तसे पंखे चढायला लागले आणि खोली त्या आवाजानं भरली. मी पडद्यावरून नजर हलवू शकत नव्हतो, पण शेजारी आप्पांचा श्वास मला ऐकू येत होता. आवाज चढला की तो थांबायचा, उतरला की सुटायचा. एकदा पंखे एकदम किंचाळले. मी मनात म्हटलं, आता दाबणार, आणि दाबलं तर मी त्यांना एक शब्दही बोलणार नाही. त्यांनी दाबलं नाही.

शेवटच्या फेरीत आम्ही हरलो. माझीच चूक झाली, मशीनची नाही.

मी हेडफोन काढला. मशीन हळूहळू शांत होत गेलं. आप्पांचा हात अजून बटणावरच होता. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला, पण बोटं आखडली होती. मी ती एकेक करून सोडवली. हात बर्फासारखा गार होता आणि सदरा पाठीला घामानं चिकटला होता.

"जिंकलास?"

"हरलो, आप्पा. उद्यापासून येतो शेडला."

"मशीन?"

"मशीन चाललं. एकदाही थांबलं नाही."

ते मान हलवत राहिले. मग चक्क हसले. "दिगू असता तर म्हणाला असता, अजून पळव की." भावाचं नाव ते आपणहून घेताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पुढच्याच क्षणी त्यांनी तोंडावर हात घेतला आणि ते रडायला लागले, मोठ्यानं, लहान मुलासारखे. आई धावत आली आणि दारातच थांबली. मी त्यांना धरून उभा होतो. बापाला धरायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शेडला जायला तयार झालो तर आप्पा माझ्या खोलीत टेबलाखाली बसलेले. स्क्रू काढत होते. लाल बटण त्यांनी सोडवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.

"पुण्याला जा. हरलेल्यास्नीबी घेत्यात का विचारून ये. जिथं बसशील तिथं हे लाव."

त्या कंपनीनं मला घेतलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी घेतलं, खेळणाऱ्यांसाठी मशीन जोडायच्या आणि पळवायच्या कामावर. अजून तेच करतो. माझ्या टेबलाला ते बटण आहे. नवीन पोरं येतात, बघतात, हसतात, हे काय म्हणून विचारतात.

मी सांगतो, "माझ्या काकाचं आहे."